अहवाल इंग्रजीत, जनसुनावणी आमच्या गावात: एका विद्यार्थिनीचं म्हणणं

कातळफूल

नमस्कार मंडळी. मी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. इथे चार वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आमच्या सड्यावर बॉक्साइटची खाण येणार म्हणून जनसुनावणी झाली. हवामानबदलाच्या चळवळीत विद्यार्थ्यांनी काय करायचं याबद्दलचं माझं मत त्या एका दिवसात बदललं. म्हणून आधी तो दिवस सांगते.

कोकणातला सडा न पाहिलेल्यांसाठी थोडं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. मे महिन्यात तिथे अनवाणी पाय ठेववत नाही, काळा ठिक्कर कातळ. पाऊस लागला की पंधरा दिवसांत त्याच कातळावर हिरवं येतं, आणि श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, तेरडा असे थरावर थर फुलतात. किडे खाणारी दवबिंदू असते, बोटाच्या पेराएवढी, तिच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. हे सगळं दोन-अडीच महिन्यांचं. पण पाणी मात्र वर्षाचं: सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत खाली उतरतो, आमच्या वाडीची विहीर आणि खालचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, त्यावरच चालतो.

आता अहवाल. पर्यावरणीय परिणामांचा मूळ अहवाल तीनशेच्या वर पानांचा, सगळा इंग्रजीत. तो ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात होता आणि मागितल्यावर बघायला मिळाला, ते खरं सांगायला हवं. सोबत मराठी सारांश होता, चौदा पानांचा. आमच्या चुलत आजोबांनी, आबांनी, तो ओटीवर बसून एका दमात वाचला आणि एका शब्दाखाली बोट धरून मला हाक मारली. तिथे लिहिलं होतं, ‘खाणक्षेत्रात धूळ दडपशाहीसाठी टँकरची व्यवस्था करण्यात येईल.’ पुढच्या पानावर ‘फरार धूळ’ होती. आबा म्हणाले, “बाय, दडपशाही कोणाची? आणि फरार कोण झालाय?” ओटीवर सात-आठ माणसं होती, कोणीही हसलं नाही. आबा जुनी सातवी शिकलेले, रोज पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे. मराठी कळत नाही अशातला तो माणूस नव्हे. त्यांच्यासमोर जे ठेवलं होतं ते मराठीच नव्हतं.

मग मी मूळ अहवाल वाचायला घेतला. चार रात्री लागल्या. वनस्पतींच्या यादीत आमच्या सड्याबद्दल दोन ओळी: गवत, तुरळक झुडपं, बाकी ओसाड खडकाळ जमीन. पाहणीचा काळ मार्च ते मे. मला आधी वाटलं, मुद्दाम लबाडी केलीय. तशी ती नव्हती, आणि मला जास्त टोचलं ते तिथेच. खाणींच्या अहवालासाठी मंत्रालयाच्या ज्या प्रमाण अटी आहेत त्यांतच लिहिलंय की पायाभूत माहिती एका ऋतूची घ्यावी आणि तो ऋतू पावसाळा नसावा. हवेतल्या धुळीसाठी हे बरोबर आहे, पावसात धूळ बसलेली असते, आकडे फसवे येतील. पण तीच अट झाडापेडांना लागली की आमच्या सड्यावर जे काही जगतं ते कागदावर जन्मालाच येत नाही. म्हणजे नियम तंतोतंत पाळून सडा ओसाड ठरतो.

सुनावणीच्या दिवशी मंडपात दीडेकशे माणसं होती. मी उठून विचारलं की पाहणी कोणत्या महिन्यांत केली आणि पावसाळ्यातली का नाही. सल्लागार म्हणाले, नियमाप्रमाणे आहे. मी म्हटलं, नियमाप्रमाणे आहे हे मी वाचलंय, मी विचारतेय की इथे जुलै ते सप्टेंबरमध्ये काय उगवतं हे तुम्हाला माहीत आहे का. त्यावर त्यांनी पुढचा प्रश्न घ्या म्हणून सांगितलं. बायकांनी विहिरीचं विचारलं. खाण किती खोल जाणार, झरा आटला तर टँकर कोण देणार, किती वर्षं देणार. उत्तर आलं, ‘भूजलावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही.’

शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचं निवेदन स्थानिक भाषेत लोकांना वाचून दाखवायचं असतं. ते वाचलं तेव्हा साडेपाचची एसटी गाठायला निम्मं गाव उठलं होतं. नंतर इतिवृत्ताची प्रत मिळाली. विहिरीचा, सड्याचा, टँकरचा सगळा विषय एका ओळीत मावला होता: ‘ग्रामस्थांनी पर्यावरणाबाबत चिंता व्यक्त केली.’

पुण्यात मी हवामानाच्या मोर्चांना जायचे, आजही जाईन. पण माझ्या हातातल्या फलकावरचं वाक्य इंग्रजी असायचं आणि मला ते कधी खटकलं नव्हतं. बारावीला पर्यावरण शिक्षणाची प्रकल्पवही केली होती, पर्जन्यजलसंधारणावर. मागच्या बॅचच्या मुलीची उतरवून काढली, चांगले गुण पडले. आमच्या विहिरीचं पाणी कुठून येतं हे त्या वहीत नव्हतं.

आता मला वाटतं ते असं. पर्यावरणाचं धोरण गावात येतं ते नोटिशीच्या आणि अहवालाच्या रूपात. पर्यावरणीय परिणाम-मूल्यांकनाच्या २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनं लोकांना सुनावणीआधी तीस दिवस दिलेत आणि पूर्ण अहवाल लोकांच्या भाषेत देण्याची सक्ती ठेवलेली नाही, सारांश दिला की झालं. त्या तीस दिवसांत तो अहवाल वाचून, नीट मराठीत करून, ज्यांच्या विहिरीबद्दल तो आहे त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवणं हे आम्हा विद्यार्थ्यांचं पहिलं काम. आम्ही इंग्रजी शिकलो, तक्ते वाचायला शिकलो, नमुना कसा घ्यायचा हे शिकलो, आणि हे शिक्षण बऱ्याच अंशी लोकांच्या पैशावर झालंय.

शेजारच्या गावासाठी दुसऱ्या एका खाणीची सुनावणी लागली आहे. नोटीस परवा पेपरात आली. या वेळी मला एकटीने चार रात्री जागून चालणार नाही. ज्यांना अशा कामाचा अनुभव आहे त्यांनी सांगा, काय करावं, काय टाळावं.

आवकजावक

तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत काढली, कोणत्या ते सांगत नाही. टेबलाच्या पलीकडून चार गोष्टी सांगतो.

तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. हरकत लेखी द्या, दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती जपून ठेवा. शंभर माणसांनी एकाच मजकुरावर सह्या केलेलं निवेदन कचेरीत एक हरकत म्हणून मोजलं जातं. शंभर माणसांनी आपापल्या अक्षरात आपापल्या विहिरीचं लिहिलं तर शंभर कागद होतात आणि प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर द्यावं लागतं, निदान द्यायला हवं.

दुसरं, सुनावणीचं चित्रीकरण करणं बंधनकारक असतं. इतिवृत्तात तुमचा मुद्दा एका ओळीत गुंडाळला असेल तर चित्रीकरणाची प्रत माहिती अधिकारात मागा आणि लेखी कळवा की अमुक मुद्दा सुटला आहे. निवेदन वाचून दाखवतात तेव्हा मंडपात थांबायचं, हे गावाला आधी सांगून ठेवा. एसटी चुकली तर चुकू दे, परतायला टेम्पो ठरवा. हे मी आज सांगतोय, नोकरीत असताना कोणाला सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

घाटावरची

कातळफूल, तो पावसाळ्याचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला. मी साताऱ्याकडची, कासचं पठार आमच्या उशाशी. तिथे हंगामात फुलं बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कास आहे. तोच जांभा, तशीच फुलं. तुमचा सडा रस्त्यापासून आत आहे आणि त्याला नाव मिळालेलं नाही, एवढाच काय तो फरक.

खेडवाला

मी त्याच भागातला. राग मानू नका, पण दुसरी बाजू इथे कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितो.

आमच्या वाडीत आता अकरा घरं उघडी आहेत, बाकीच्यांना कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. माझा धाकटा भाऊ विरारला दोन खोल्यांत चार जणांबरोबर राहतो. खाण आली तर डंपरवर ड्रायव्हर लागतील, वजनकाट्यावर पोरं लागतील, वडापाववाल्याचा धंदा होईल. तो भाऊ परत येईल. तुम्ही पुण्यात शिकताय, तुम्हाला सड्यावरची फुलं दिसतात. आम्हाला बंद घरं दिसतात. आणि मुद्दा हवामानाचाच असेल तर सौरऊर्जेच्या पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते, विजेच्या मोठ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात. ते बॉक्साइटमधूनच येतं ना? मग ते दुसऱ्या कोणाच्या तरी गावातून काढायचं का?

कातळफूल

खेडवाला दादा, राग कसला. आमच्या वाडीतही कुलपं आहेत. माझे वडील बावीस वर्षं मुंबईत गिरगावात खानावळीत जेवले आणि आम्ही गावी वाढलो. बंद घर मलाही दिसतं.

ॲल्युमिनियमचं म्हणणं खरंच आहे. भारतानं ग्लासगोच्या परिषदेत २०२१ला २०७०पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेऊ असं, जाहीर केलं, ते करायचं तर तारा ओढाव्या लागतील, पॅनेल लावावी लागतील, आणि त्याचा कच्चा माल कुठून तरी निघेलच. कुठेच खाण नको असं मी म्हणत नाही. म्हणणार असते तर मी ॲल्युमिनियमच्या टोपात भात शिजवते हे आधी सोडावं लागलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की सौदा करताना तराजूच्या दोन्ही पारड्यांत माल ठेवावा. नोकऱ्या एका पारड्यात ठेवल्या. अहवालात किती जणांना कायमचं काम मिळेल याचा आकडा असतो, तो मी वाचला, आमच्याकडच्या खाणीत तो मंडपात भाषणांतून सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. तोही गावाला कळला नाही, कारण तो इंग्रजी पानावर होता. दुसऱ्या पारड्यात विहीर आणि सडा ठेवायचा तर तो आधी पावसात जाऊन मोजायला हवा. सगळं मोजून, वाचून, समजून गावानं खाण घेतली तर मी गप्प बसेन. आबाही बसतील.

तुमच्या भावाला त्या अहवालातलं रोजगाराचं पान मी मराठीत करून पाठवते. त्यानंच ठरवावं.

खेडवाला

पाठवा. वाचतो मी पण.

काळा कोट

वकिली करतो, पर्यावरणाचे काही खटले चालवले आहेत. भाषेच्या मुद्द्यावर थोडं.

२०२०मध्ये केंद्रानं परिणाम-मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला होता. त्यात जनसुनावणीच्या नोटिशीचा काळ तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. टाळेबंदी चालू, आणि हरकती मागवलेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२०ला सांगितलं की मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत भाषांतरित करून प्रसिद्ध करा. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे त्यांना उच्च न्यायालयातच पुनर्विलोकन मागा म्हणून सांगण्यात आलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशभरातल्या कॉलेजच्या मुलांनी मसुद्याचं सार आपापल्या भाषांत करून व्हॉट्सॲपवर फिरवलं, लाखोंनी हरकती गेल्या. मसुदा अंतिम झालाच नाही. आज तुमच्या हातात जे तीस दिवस आहेत ते टिकण्यात त्या पोरांचा वाटा आहे असं मी मानतो.

आपला महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा आहे, पण तो राज्याच्या कारभाराचा. परिणाम-अहवाल केंद्राच्या अधिसूचनेखाली येतो आणि ती सारांशावर थांबते. तरी पूर्ण अहवालातलं निदान पाण्याचं, रोजगाराचं आणि जमिनीचं प्रकरण मराठीत द्या अशी लेखी मागणी सुनावणीच्या आधी करून ठेवा. नाकारली तर नाकारल्याचं पत्र हाती येतं, पुढे कामाला येतं. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपिलाला तीस दिवस असतात, सबळ कारण दिलं तर आणखी साठपर्यंत. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. खाणीची कागदपत्रं मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरूनही उतरवता येतात, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याची वाट बघू नका.

आणि दादांनी तारांचा विषय काढला म्हणून. राजस्थान-गुजरातेत माळढोक पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात आणि त्याच तारा सौरऊर्जा वाहून नेतात, असा पेच सर्वोच्च न्यायालयासमोर होता. २१ मार्च २०२४च्या निकालात न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१व्या कलमात मानला, आणि माळढोकासाठी तारा कुठे पुराव्या, कुठे नको हे बघायला तज्ज्ञांची समिती नेमली. तेव्हा हवामान एकीकडे आणि सड्यावरचं फूल दुसरीकडे अशी फाळणी कायद्यालाही मान्य नाही.

मरोळ नाका

मुंबईत आरेतली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली त्या रात्री मी तिथे होतो, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मशिनं लागली. अंधारात झाड पडतानाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. आधी करवतीचा सूर बदलतो, मग क्षणभर काहीच नाही, मग फांद्या मोडत येतात. पुढच्या दोन दिवसांत अटका झाल्या, त्यांत विद्यार्थीही होते. एका विधी शाखेच्या विद्यार्थ्यानं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयानं ते याचिका म्हणून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं गेली होती.

आज मेट्रो ३ धावते, मी कामाला तिनेच जातो. मेट्रो हवीच होती, आमच्यातल्या बहुतेकांना हवी होती, भांडण कारशेडच्या जागेचं होतं. पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. झाडं तोडायच्या परवानगीची जाहीर नोटीस त्याच्या कितीतरी आधी निघाली होती, हरकती मागवल्या होत्या, सुनावणी झाली होती. त्या वेळी हजारोंनी हरकती दिल्या ते लोक वेगळे. मी तेव्हा परीक्षेत होतो. मला जाग आली ती करवत लागल्यावर. म्हणून तुमचा ‘तीस दिवस’ हा शब्द मला लागला.

जीवशास्त्राच्या बाई

कातळफूल, प्रकल्पवहीचं वाचून मान खाली गेली. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, अशा उतरवलेल्या वह्या दर वर्षी तपासते आणि सह्या करते. एका वर्गात शंभरावर मुलं, तोंडी परीक्षेच्या आठवड्यात गठ्ठे येतात. या वर्षी एक करून बघणार आहे. प्रत्येकानं आपल्या घरी येणारं पाणी कुठून येतं ते उगमापर्यंत जाऊन लिहायचं, चालत जाता येईल तिथवर चालत, पुढचं विचारून. ते एकमेकांचं उतरवता येणार नाही, कारण प्रत्येकाचा नळ वेगळा.

ऱ्हाइनकाठ

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत शिकतो. इथल्या तरुणांनी सरकारवर थेट घटनात्मक तक्रार केली होती. २०२१मध्ये इथल्या घटना न्यायालयानं सांगितलं की २०३० नंतर उत्सर्जन कसं कमी करणार हे कायद्यात पुरेसं नाही आणि त्यामुळे सगळा भार उद्याच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर पडतो. काही महिन्यांत कायदा बदलला, हवामान-तटस्थतेचं वर्ष २०५०ऐवजी २०४५ झालं. पॅसिफिक बेटांवरच्या २७ विधी विद्यार्थ्यांनी २०१९ला वर्गात सुरू केलेली मोहीम तर थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेली, जुलै २०२५मध्ये त्या न्यायालयानं राष्ट्रांची कर्तव्यं सांगणारं मत दिलं. विद्यार्थ्यांनी असे मोठे खटले लढवावेत असं मला वाटतं. गावोगावच्या अहवालांत शक्ती गेली तर ते कोण करणार?

तुमचा धागा वाचून मात्र एक लक्षात आलं. इथे प्रकल्पाची कागदपत्रं नगरपालिकेत लोकांसाठी ठेवतात ती जर्मनमध्येच असतात. दुसऱ्या भाषेत असू शकतील हे इथल्या माझ्या मित्रांना समजावून सांगताना मला पाच मिनिटं लागली.

कातळफूल

ऱ्हाइनकाठ, ते खटले मी वर्गात अभ्यासलेत आणि त्यांनी मला बळ दिलंय. पण आपली जागा तिथल्यापेक्षा वेगळी आहे असं मला वाटतं. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास, जर्मनीत त्याच्या तिप्पट-चौपट. आमच्या वाडीत तर दोन टनही नसेल. आबांना ‘उत्सर्जन कमी करा’ सांगायला मी जाऊ शकत नाही. मात्र पाऊस बेभरवशी होत चाललाय, तेव्हा पावसाचं पाणी धरून ठेवणारा सडा टिकवणं हे त्यांच्या दृष्टीनं हवामानाचंच काम आहे, फक्त ते त्याला तसं म्हणत नाहीत. मोठा खटला कोणी तरी लढवावाच. पण त्या खटल्यात पुरावा म्हणून काय जोडणार? अशाच गावोगावच्या विहिरींच्या नोंदी ना?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाचं मला फार वाटतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या मागे अभ्यासगट होता. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा वाचत, समजेपर्यंत बोलत, आणि ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवत असे. २००९मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. घोषणा लक्षात राहिली आणि अभ्यासगट विसरला गेला, असं मला नेहमी वाटतं.

म्हादईकाठ

गोव्यातल्या डिचोलीहून लिहितोय. खाण म्हणजे काय ते आम्हाला विचारा, शेतात येणारं लाल पाणी बघत मोठा झालो. पण सांगायचंय ते आमच्या गोव्यातल्याच मोल्याच्या जंगलाचं.

एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, मोले अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना वन्यजीव मंडळाची दूरदृश्य बैठकीत शिफारस मिळाली. ४०० केव्हीची वीजवाहिनी, महामार्गाचं चौपदरीकरण. रेल्वेचं दुपदरीकरणही त्याच जंगलातून जाणारं. तेव्हा घरी बसलेल्या मुलांनी अहवाल उतरवून घेतले आणि वाटून वाचले. वनस्पतीशास्त्राच्या मुलांनी वनस्पतींची यादी तपासली, वास्तुकलेच्या मुलांनी नकाशे, वकिली शिकणाऱ्यांनी परवानग्या, चित्रकारांनी शेकरूपासून फुलपाखरापर्यंत चित्रं काढून लोकांच्या फोनमध्ये पोचवली. १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरला रेल्वेरुळांवर हजारो लोक जमले ते या वाचनानंतर. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी रद्द केली. बाकीचे विषय अजून धुमसताहेत, तो लढा संपलाय असं कोणी समजू नये.

तेव्हा अनुभवातून एकच: अहवाल पानांनुसार वाटू नका, विषयांनुसार वाटा. पाण्याचं प्रकरण एकाच माणसानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं तरच पान ६० वरची विहिरींची पातळी आणि पान २१० वरचा खाणीचा तळ यांचा मेळ बसत नाही हे त्याच्या लक्षात येतं. आम्ही पहिल्यांदा पानांनी वाटला होता आणि दोन आठवडे वाया घालवले.

घाटावरची

हे लाख मोलाचं सांगितलंत, म्हादईकाठ. कातळफूल, भाषांतराचं काय? कंपनीच्या सारांशासारखं होऊ नये.

कातळफूल

त्यावर मी मागच्या वर्षीपासून एक वही ठेवलीय. शब्द मी सुचवते आणि आबांना वाचून दाखवते, त्यांनी मान हलवली तरच वहीत जातो. धूळ ‘बसवणं’ किंवा ‘मारणं’. उडून पसरणारी ती ‘उडती धूळ’. खनिजाच्या वरचा जो दगड-मातीचा थर काढून टाकतात त्याला सारांशात ‘अतिभार’ होतं, आम्ही ‘वरची माती’ केलं. भूजलपातळीला आबा म्हणाले, “विहिरीत पाणी किती हातावर लागतं, तसं लिही.” मी मीटरही ठेवले आणि कंसात हात लिहिले. एका शब्दावर अडले आहे. परिणामांची तीव्रता कमी करायचे जे उपाय असतात, त्याला शासकीय शब्द ‘शमन’ आहे. आबांना शमन म्हणजे भूक शमणं वाटतं.

आवकजावक

‘तोड’ चालेल का? त्रास काय आणि त्यावर तोड काय.

कातळफूल

काका, आत्ताच फोनवर विचारलं. मान हलवल्याचं आजी म्हणतेय. वहीत घेतला.

तर शेजारच्या गावच्या अहवालाची वाटणी करते. परिवेशवरून काल रात्री उतरवून घेतलाय. नोटिशीचे अजून २६ दिवस आहेत. वनस्पती-प्राणी मी आणि माझी वर्गमैत्रीण घेतोय, मागच्या पावसातले सड्याचे तारखेसह फोटो आहेत, ते जोडू. कायद्याचं प्रकरण आणि मराठीच्या मागणीचं पत्र काळा कोट यांनी बघावं ही विनंती. नकाशे मरोळ नाका यांना जमतील का? हवा आणि धूळ, वाहतूक, पाणी, रोजगार ही चार प्रकरणं मोकळी आहेत. रविवारी तिथल्या देवळात बसायचं ठरलंय, तेव्हा पहिला मसुदा वाचून दाखवायचा आहे.

मरोळ नाका

नकाशे घेतले. सड्याचा उतार आणि विहिरींच्या जागा एका कागदावर आणून देतो. विहिरी कुठे आहेत ते मला कोणीतरी तिथे फिरून सांगावं लागेल.

जीवशास्त्राच्या बाई

हवा आणि धूळ मी घेते. अकरावीची दोन मुलं सोबत घेईन, त्यांना तक्ते वाचता येतात.

काळा कोट

पत्राचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत.

खेडवाला

रोजगाराचं मी करतो. इंग्रजी जेमतेम आहे, भावाला फोनवर घेऊन करीन. विहिरी दाखवायला पण मीच येतो, ते माझ्या मामाचं गाव.